विकासाचं बिल नेहमी त्याच घरांच्या नावावर का फाटतं?

वरळीची_सून
सासूबाई ओहोटीला खडकावर जाऊन कालवं काढायच्या. गुडघाभर पाणी, कमरेला ओचा, नऊच्या आत डबा घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात. दिवसाला चार पैसे सुटायचे, पण ते त्यांचे स्वतःचे. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याचा (कोस्टल रोड) भराव पडला आणि ते खडकच त्याखाली गेले. भरपाईचा अर्ज भरताना रकाना होता 'होडीचा नोंदणी क्रमांक'. कालवं काढणारीकडे होडी कुठली?

२००६ च्या राष्ट्रीय पर्यावरण धोरणात सरकारनेच मांडलंय की ज्यांचं पोट निसर्गावर आहे त्यांना तो ओरबाडण्यापेक्षा राखण्यात जास्त मिळालं पाहिजे, तरच तो टिकेल. मला त्या धोरणाबद्दल तक्रार नाही. माझं म्हणणं एवढंच, की हे वाक्य प्रकल्पाच्या खर्चाच्या तक्त्यात कधीच उतरत नाही. सिमेंट मोजतात, खडक फुकट धरतात.

बोरिवली_फास्ट
ताई, सहानुभूती आहे, पण देश सहानुभूतीवर चालत नाही. आपलं माणशी कार्बन उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. २०७० पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा शोषून घेण्याचं वचन आपण दिलंय, ते पाळायलाही आधी पैसा लागतो, आणि पैसा रस्ते-कारखान्यांतूनच येणार. याच रस्त्याची परवानगी २०१९ च्या जुलैत उच्च न्यायालयाने रद्द केली, डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने काम सुरू करू दिलं. मधल्या महिन्यांचा वाढीव खर्च कुणी भरला? तुम्ही-आम्हीच. दरवेळी असं अडवायचं म्हटलं तर आम्ही जन्मभर विरारच्या गर्दीत लोंबकळायचं का?

वरळीची_सून
लोंबकळणाऱ्यांसाठी तो रस्ता आहेच कुठे? माझ्या नवऱ्याकडे स्कूटर आहे, दुचाकीला तिथे मनाई. रिक्षालाही. आमच्या दारावरून जातो आणि आम्हीच चढू शकत नाही.

बोरिवली_फास्ट
बस जाते की. आणि गाड्या तिकडे वळल्या की खालचा रस्ता तुमच्या स्कूटरला मोकळा होतो, हे का धरत नाही?

चांद्याचा_भाचा
दोघांची हरकत नसेल तर विदर्भातून मध्ये पडतो. (राहतो भांडुपला, घर चंद्रपूरचं.) उन्हाळ्यात आई गच्चीवर कुरडया घालायची. संध्याकाळी काढायला गेलं की पांढऱ्या कुरडईवर वीज केंद्राच्या कोळशाची काळी भुरी. फुंकर मारली की अजूनच पसरायची. आम्ही तशाच तळून खाल्ल्या. खडक बुडाला तर मुंबईत बातमी होते, आमच्या भुरीची कोण करणार?

आता धोरणाचं. २०१० मध्ये केंद्राने कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लावला. घाण करणाऱ्याने भरावं आणि त्यातून स्वच्छ ऊर्जेला पैसा मिळावा, हा हेतू. २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. मग २०१७ ला जीएसटी आला, उपकराचं नाव बदललं आणि तोच पैसा जीएसटीमुळे राज्यांना पडलेली महसुली तूट भरायला वळवला. सप्टेंबर २०२५ मध्ये तोही उपकर उठला, कोळशावरचा जीएसटी ५ चा १८ टक्के झाला. म्हणजे कर आहेच, फक्त त्यावरचं 'पर्यावरण' हे नाव पुसलं गेलं. धोरण वाईट नव्हतं हो, त्याचा गल्ला दुसऱ्याच दुकानात गेला.

टाकीवरचा_म्हातारा
मुंबईत मुख्यतः टाटा-अदानीची वीज, चंद्रपूरचा संबंध काय?

चांद्याचा_भाचा
काका, भांडुप-मुलुंडला महावितरण आहे. आणि मुंबईला वीज देणाऱ्या अदानीच्या डहाणू केंद्रात काय चंदन जळतं? तिथेही कोळसाच.

बोरिवली_फास्ट
उपकराबद्दल मात्र मी असहमत. राज्यांना पैसा मिळाला नसता तर जीएसटी आलाच नसता. आणि कोळसा महाग केला की बिल शेवटी चाळीतल्या माणसालाच येतं. तुम्ही भुरीचा हिशोब मांडता, त्याच्या पंख्याचाही मांडा.

चांद्याचा_भाचा
मांडतो. चाळीत एक पंखा, टॉवरमध्ये चार एसी. उपकराच्या पैशातून पंखेवाल्याला सवलत देता आली असती. पण त्यासाठी पैसा त्याच खात्यात राहायला हवा होता.

बोरिवली_फास्ट
'असती'वर राज्य चालत नाही. बरं, वरळीपुरतं एक मान्य करतो: या रस्त्याच्या पुलाखालून होड्या जातात, त्याच्या खांबांमधलं अंतर आधी ६० मीटर ठरलं होतं, कोळ्यांनी लावून धरल्यावर १२० केलं. म्हणजे यंत्रणा ऐकते.

वरळीची_सून
ऐकते? होड्या आडव्या लावून काम थांबवल्यावर ऐकलं. लाटेत होडी सरळ रेषेत येत नाही, वारा ढकलतो, ६० मीटरमध्ये खांबावर आपटेल, हे सासऱ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आराखडा काढणाऱ्यांपैकी कुणी एकदा त्यांच्या होडीत बसून खाडीबाहेर गेलं असतं तर अर्ध्या तासात कळलं असतं. आणि १२० मीटर होडीवाल्यांना मिळाले. सासूबाईंचा डबा अजून माळ्यावर पालथा आहे.