'संशय', 'शंका', 'खात्री': विश्वासाच्या विरुद्ध नेमकं काय?

आमच्या मंडळीतल्या तरुणांच्या अभ्यासवर्गासाठी उत्तर-आधुनिक, म्हणजे ठाम उत्तरांपेक्षा प्रश्नांना जागा देणाऱ्या, ख्रिस्ती शिकवणीवरचं एक टिपण इंग्रजीतून मराठीत आणते आहे. तिसऱ्याच ओळीला अडले. या शिकवणीत एक वाक्य फार फिरतं. त्याचं मी असं केलं: 'विश्वासाच्या विरुद्ध संशय नसतो, विश्वासाच्या विरुद्ध खात्री असते.' आईला वाचून दाखवलं. तिने आयुष्यभर संडे स्कूल चालवलंय. ती म्हणाली, "अगं, मग इब्री ११:१ चं काय करशील?"

तिचं बरोबर होतं. आपल्या पवित्र शास्त्रात त्या वचनात विश्वासाची ओळखच मुळी 'भरवसा' आणि 'खातरी' या दोन शब्दांनी करून दिली आहे. म्हणजे माझ्या वाक्याने विश्वासाच्या व्याख्येतलाच शब्द उचलून त्याच्या विरुद्ध बाजूला नेऊन ठेवला. वर्गातली मुलं शास्त्र उघडून बसतात, त्यांना हे पहिल्या मिनिटाला दिसेल. शिवाय 'संशय' शब्दाने आईच्या कपाळावर आठी आली ती वेगळीच. तर दोन प्रश्न: 'डाउट'साठी कोणता शब्द घ्यावा, आणि ज्या 'सर्टन्टी'वर ही मंडळी टीका करतात तिला काय म्हणावं?

प्रतिसाद, पुण्याहून (संस्कृत शिकवतो)

ताई, अर्थ कोशात शोधण्याआधी या शब्दांशेजारची क्रियापदं बघा. शंका येते, तशी ती विचारता येते, काढता येते, फेडता येते, तिचं निरसन होतं. संशय येतो, घेतला जातो, धरला जातो, फिटतो. पण संशय 'विचारता' येत नाही. वर्गात 'काही शंका असल्यास विचारा' म्हणतात. 'काही संशय असल्यास विचारा' असं कुणी म्हटलं तर पोरं एकमेकांकडे बघतील. शंकेला उत्तर देणारा समोर असतो. संशयात समोरच्यावरचाच भरवसा गेलेला असतो. 'प्रश्न' तर पडतो, आपोआप. पडलेल्या प्रश्नाबद्दल मराठी माणसाला कुणी दोष देत नाही.

आईंच्या कपाळावरची आठी फार जुनी आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायात 'संशयात्मा विनश्यति' आहे आणि ज्ञानेश्वरांनी त्यावर 'संशयाहूनि थोर आणिक नाहीं पाप घोर' म्हणून ठेवलंय. वारकरी असो की ख्रिस्ती, मराठी कानाला संशयाचा हा रंग लागलेलाच आहे.

पण संस्कृतात हा शब्द नेहमीच इतका काळा नव्हता. न्यायदर्शन म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र. त्याच्या सोळा पदार्थांत, म्हणजे अभ्यासाच्या विषयांत, 'संशय' तिसरा आहे आणि 'निर्णय' नववा. संध्याकाळच्या अंधुक उजेडात समोर दिसतंय तो खांब की माणूस, हे त्याचं ठरलेलं उदाहरण. हा संशय पडल्याशिवाय विचाराला सुरुवातच होत नाही. मराठीत त्या अर्थाची जागा आता 'शंके'ने घेतली आहे. तेव्हा माझं मत 'शंका'.

मूळ लेखिका

क्रियापदांचं एकदम पटलं, सर. आमची मुलं तर थेट 'मला एक डाउट आहे' म्हणतात आणि त्यांना म्हणायचं असतं 'मला एक गोष्ट विचारायची आहे'. त्यांचा 'डाउट' म्हणजे शंकाच. इंग्रजी टिपणातला 'डाउट' मात्र पुष्कळदा जास्त खोल आहे: रात्री झोप न लागू देणारा, 'देव आहे तरी का' असा. त्याला 'शंका' हलका पडेल का, ही माझी अडचण.

प्रतिसाद, वसईहून

हलका पडणार नाही, असं वाटतं. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात, मूल होणार असा निरोप ऐकून, शेजारीशेजारी दोन माणसं देवदूताला विचारतात. जखऱ्या म्हणतो, हे मी कशावरून समजू? मरिया म्हणते, हे कसं होईल? जखऱ्याची वाचा जाते, मरियेला उत्तर मिळतं. वर वर दोन्ही प्रश्नच. पण जखऱ्याला शब्द स्वीकारण्याआधी पुरावा हातात हवा आहे, आणि मरिया शब्द स्वीकारायच्या वाटेवरच उभी राहून विचारते आहे. तिची शंका हलकी नव्हती, आयुष्य उलटंपालटं करणारी होती. उगाच नाही आमच्याकडे तिला श्रद्धेचा आदर्श मानत.

आणि थोमाला 'संशयी थोमा' म्हणून आपण त्याच्यावर अन्याय करतो, हे मनापासून सांगते. जखमांना हात लावल्याशिवाय येशू पुन्हा उठला हे मानणार नाही, असं तो म्हणाला होता. योहानाच्या विसाव्या अध्यायात येशू त्याला हात पुढे करायला सांगतो, हाकलून देत नाही. 'माझा प्रभू व माझा देव' ही कबुली त्याच थोमाच्या तोंडची आहे.

प्रतिसाद, नगरहून (निवृत्त पाळक)

बाई, नव्या कराराच्या मूळ ग्रीककडे एकदा बघून घ्या, गुंता थोडा सुटेल. मराठीत जिथे जिथे 'संशय' आहे तिथे मुळात एकच शब्द नाही. पेत्र पाण्यात बुडू लागतो तेव्हा मत्तय १४:३१ मध्ये 'दिस्ताझो' हे क्रियापद आहे. त्यात 'दोन' दडलेले आहेत, दोन ठिकाणी पाय ठेवून उभं राहणं. नव्या करारात ते आणखी एकदाच येतं, मत्तय २८:१७ मध्ये. पुन्हा उठलेल्या प्रभूला शिष्य नमन करतात आणि त्याच वेळी काहींना संशय वाटतो. त्यांना बाजूला काढलेलं नाही. पुढच्याच वचनांत 'जा, शिष्य करा' ही आज्ञा आहे. याकोब १:६ मधला शब्द वेगळा, स्वतःशीच दुभंगून वाद घालणारा. तिथे समुद्राच्या लाटेची उपमा आहे आणि पुढे 'द्विबुद्धी' माणूस येतो. पहिल्याला मी 'द्विधा होणे' म्हणेन, दुसऱ्याला 'संशय' राहू द्या.

आता 'सर्टन्टी'. अमेरिकेत २००० नंतर ब्रायन मॅक्लॅरन, रॉब बेल यांच्यासारखे शिक्षक पुढे आले. तेव्हा मिशिगनमधल्या एका मंडळीचे पाळक असलेल्या बेल यांनी २००५ साली मांडलं की सिद्धांत हे भिंतीच्या विटांसारखे नसून उडी मारायच्या ट्रॅम्पोलिनच्या स्प्रिंगांसारखे असावेत, ताणता येणारे. चर्चमध्ये प्रश्न विचारला म्हणून गप्प केल्या गेलेल्या हजारो तरुणांना ही मोकळी हवा होती, हे मी मान्य करतो. असा गप्प केलेला मुलगा माझ्याही मंडळीत होता. मी त्याला वेळेवर ऐकून घेतलं नाही आणि तो निघून गेला. त्याची आठवण अजून जात नाही.

पण या लाटेत एक घसरण आहे. प्रश्न विचारणं हे वाट चालणं होतं, ते मुक्कामाचं ठिकाण झालं. थेस्सलनीकाकरांना पौल 'सर्व गोष्टींची पारख करा' म्हणतो आणि लगेच 'चांगले ते बळकट धरा' म्हणतो. नव्या शिकवणीच्या काही टिपणांत पहिला अर्धाच उरला आहे.

लेस्ली न्यूबिगिन यांचं इथे साहाय्य होईल. १९३६ साली ते मिशनरी म्हणून तमिळनाडूत आले, १९४७ साली चर्च ऑफ साउथ इंडियाच्या पहिल्या बिशपांपैकी एक झाले आणि १९७४ साली इंग्लंडला परतले. परतल्यावर तिथल्या समाजाकडे त्यांनी मिशनरीच्याच नजरेने पाहिलं. १९९५ च्या त्यांच्या छोट्या पुस्तकाचा विषय हाच: विश्वास, शंका आणि निश्चिती. त्यांचा मुद्दा असा, की फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने जिच्यावर शंकाच घेता येणार नाही अशी निश्चिती शोधली, आणि तीच ज्ञानाची कसोटी ठरल्यावर बाकी सगळ्यावर संशयाचं सावट आलं. एखाद्या गोष्टीवर शंका घ्यायची तर दुसऱ्या कशावर तरी पाय रोवूनच घ्यावी लागते, म्हणून शंका कधी एकटी उभी राहत नाही. देकार्तच्या निश्चितीऐवजी न्यूबिगिन 'कॉन्फिडन्स' हा जो शब्द घेतात त्यात लॅटिन 'फिदेस', म्हणजे विश्वास, बसलेला आहे. मराठीत त्यासाठी 'भरवसा' इतका चपखल शब्द दुसरा नाही.

प्रतिसाद, पुण्याहून

पाळकसाहेबांच्या 'भरवशा'ला माझा पूर्ण दुजोरा. शेजारच्या शब्दांचीही कुळं सांगतो. 'विश्वास' मध्ये 'श्वस्' धातू आहे, मोकळा श्वास घेण्याचा. 'श्रद्धा' आणि चर्चच्या मतांगीकारातला, म्हणजे विश्वासाच्या ठरलेल्या कबुलीतला, लॅटिन 'क्रेदो' हे तर एकाच प्राचीन मुळाचे चुलत भाऊ. 'खातरी' अरबी 'खातिर' वरून आली, म्हणजे मन. 'खातरजमा' म्हणजे मन गोळा होणं, स्थिर होणं. तेव्हा इब्री ११:१ मधल्या 'खातरी'त देकार्तचा पुरावा शोधायचं कारण नाही, ती मनाची स्थिरता आहे. हल्लीची 'खात्री' मात्र 'करून घ्यायची' असते, कागद तपासून.

प्रतिसाद, दौंडहून

या सगळ्यात आपल्या पंडिता रमाबाई कशा आल्या नाहीत? १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढची काही वर्षं तिथल्या जोगीण सिस्टर जेरल्डिन यांच्याशी त्यांची पत्रापत्री चालली. त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), ते मांडणाऱ्या अथनेशियन मतांगीकाराबद्दल त्या विचारत राहिल्या. मोठ्या कष्टाने इथल्या पुरोहितवर्गाचं जू मानेवरून उतरवलंय, आता तसलंच दुसरं जू घेणार नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. ती संशयखोरी नव्हती. ख्रिस्त त्यांनी सोडला नाही. त्याच बाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून मूळ भाषांवरून साध्या मराठीत बायबल उतरवलं. ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी निघालं. उत्तर-आधुनिक हा शब्दही नव्हता तेव्हाची ही गोष्ट. तरुणांना मिशिगनची उदाहरणं जरूर द्या, पण हे आधी द्या.

मूळ लेखिका

रमाबाई आता पहिल्या पानावर आल्या आहेत. 'जू' हा शब्द तसाच ठेवते, नांगर पाहिलेल्या मुलांना समजावून सांगावा लागणार नाही.

'डाउट'ला सगळीकडे एकच शब्द वापरायचा हट्ट मी सोडला. विचारण्याच्या जागी 'शंका', दोन ठिकाणी पाय अडकल्याच्या जागी 'द्विधा', आणि याकोबाच्या जागी 'संशय', कारण तिथे तो खरोखर तोच आहे. टीका होते त्या 'सर्टन्टी'ला 'खात्री' म्हणणार नाही. 'निःशंकपणा' लिहिलं होतं, पण तो मराठीत गुणच वाटतो, म्हणून खोडला. सध्या 'पुराव्याचा आग्रह' ठेवलंय. मूळ वाक्यही जसंच्या तसं ठेवणार नाही, कारण निम्मं वाक्य मलाच पटत नाही. आता ते असं आहे: 'शंका विचारल्याने विश्वास जात नाही. भरवसा टाकायला सगळ्या शंका फिटण्याची वाट पाहावी लागत नाही.' आईला वाचून दाखवलं. तिने चष्मा काढला आणि पुन्हा वाचायला सांगितलं.

प्रतिसाद, नगरहून

'भरवसा टाकायला' उत्तम. 'ठेवायला' करू नका. ठेवलेली वस्तू परत उचलता येते.