मदत हवी आहे: गिटमधले बदल वेबपानावर दाखवायचे आहेत, जेसन सारखं मोडतंय

माजघर:
आमचा चार जणांचा हौशी गट आहे. स्वामित्वहक्क संपलेली जुनी मराठी पुस्तकं स्कॅनवरून उतरवतो, मुद्रितं तपासतो आणि साध्या मजकुराच्या फायली करून ठेवतो. सगळं एका गिट रेपोत आहे (गिट म्हणजे फायलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारी प्रणाली, रेपो म्हणजे तिचं भांडार). प्रकरणागणिक एक फाईल, नावं देवनागरीत. भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर मूळ रेपो.

मला हवंय एवढंच की कुणी पुश केलं (आपले बदल सर्व्हरवर पाठवले) की 'काल-आज काय बदललं' ते आमच्या साइटच्या एका पानावर दिसावं. आणि तीच माहिती प्रोग्रॅमला वाचता येईल अशीही मिळावी, कारण गटातल्या एकाला त्यावरून जुन्या-नव्या शुद्धलेखनाची शब्दयादी करायची आहे.

मी केलं ते असं. गिट लॉगला (बदलांची यादी छापणारी कमांड) आपला फॉरमॅट देता येतो. त्यात मीच महिरपी कंस आणि अवतरणचिन्हं टाकून जेसनसारखी (जेसन म्हणजे प्रोग्रॅमला वाचता येणारं माहितीचं मजकुरी रूप) ओळ छापून घेतली. दहा ओळींची स्क्रिप्ट, पोस्ट-रिसीव्ह हुकला लावली, म्हणजे पुश आलं की ती आपोआप चालते. तीन आठवडे छान चाललं. मग आमच्या काकूंनी (निवृत्त शिक्षिका, गटात सगळ्यात काटेकोर) कमिटचा (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाचा) संदेश लिहिला: पान ४१, "आतां" वरचा अनुस्वार परत घातला. झालं, पान पांढरंफटक. दुहेरी अवतरणावर जेसन मोडलं. मी सेड (मजकूर बदलणारी कमांड) लावून अवतरणं बदलली. दोन दिवसांनी कुणीतरी संदेशात उलटी तिरकी रेघ टाकली. ती बुजवली, तर काकूंनी सात ओळींचा संदेश लिहिला. आता ती स्क्रिप्ट उघडायचीच भीती वाटते.

बाकीची दुखणी:

फायलींची नावं पानावर \३४०\२४४\२५२ अशी येतात. अख्खं 'प्रकरण' म्हणजे आकड्यांची मालगाडी.

'दुसऱ्या_दिवशी' ही फाईल यादीत दोनदा दिसते. डोळ्यांना दोन्ही नावं तंतोतंत सारखी.

गटातला एक जण न्यू जर्सीत असतो. त्याचे बदल कधी कालचे वाटतात, कधी मधेच कुठेतरी घुसतात.

प्रश्न असा की मुळात कुठलं रूप धरावं? जेसन, एक्सएमएल की ॲटम फीड (नव्या नोंदी वाचकापर्यंत पोचवणारं एक्सएमएल रूप)? आणि हे सगळं मी चुकीच्या टोकाने धरलंय का?

पावशेर:
चाक पुन्हा कशाला शोधताय? गिटबरोबर गिटवेब फुकट येतं, त्यात आरएसएस आणि ॲटम दोन्ही आहेत. सीगिट लावलंत तर तेही ॲटम देतं आणि वेगाने चालतं. संध्याकाळभराचं काम.

माजघर:
गिटवेब लावून पाहिलं. चाळीस अक्षरी हॅश (प्रत्येक कमिटची ओळख) बघून काकू म्हणाल्या, "हे विजेचं बिल आहे का?" शिवाय शब्दयादीसाठी कुठल्या फाईलमध्ये काय बदललं ते सुटं सुटं हवंय.

दगडफूल:
हो, चुकीच्या टोकाने धरलंय, पण यातून सगळेच जातात. मीही गेलोय.

आधी पहिलं दुखणं. जेसन कधीही चिकटवून बनवू नका. तुम्ही अवतरण बुजवाल, रेघ बुजवाल, नवी ओळ बुजवाल, मग टॅब येईल. गिटकडून फक्त सुटे तुकडे घ्या आणि जेसन बनवायचं काम जेसनच्या लायब्ररीला द्या. तुकडे तोडायला शून्य बाइट वापरा, फॉरमॅटमध्ये तो %x००, म्हणजे टक्का, इंग्रजी एक्स आणि दोन शून्यं, असा लिहितात. कमिटच्या संदेशात शून्य बाइट गिट येऊच देत नाही आणि फाईलच्या नावात तो असूच शकत नाही. त्यामुळे त्यावर तोडलं की काकूंना हवी तेवढी अवतरणं टाकू देत. पायथनमध्ये आउटपुट बाइट्स म्हणूनच घ्या, शून्यावर तोडा, मग डिकोड करा.

गंमत म्हणजे गिट लॉगला स्वतःचं जेसन नाहीच. फॉर-ईच-रेफ या कमांडला शेल, पर्ल, पायथन आणि टीसीएलसाठी अवतरणं लावून देण्याचे पर्याय आहेत, तिथेही जेसन नाही. गिटसारख्या दुसऱ्या प्रणाली पाहा: एसव्हीएनचं लॉग कधीपासून एक्सएमएल देतं. मर्क्युरियलला लॉगसाठी जेसनचा साचा आहे आणि त्याच्या वेब भागातही जेसनची पानं मिळतात. फॉसिलमध्ये तर रेपोच एसक्यूलाइटची फाईल असते, वर जेसन एपीआय आहे. गिटवाल्यांनी हे आपल्यावर सोडलंय.

मालगाडीचं कारण कोअर-कोटपाथ ही सेटिंग. ती मुळात चालू असते, त्यामुळे ॲस्कीबाहेरचा प्रत्येक बाइट अष्टमान आकड्यात छापला जातो. 'प' यूटीएफ-८ मध्ये (युनिकोडची अक्षरं बाइटांत लिहायची रीत) तीन बाइटांचा, म्हणून तीन आकडे. सेटिंग बंद केलीत तर देवनागरी दिसेल, पण नावात अवतरण किंवा टॅब आला की परत तेच. त्यापेक्षा हायफन झेड हा पर्याय लावा. नावं जशीच्या तशी येतात आणि मधे शून्य बाइट.

इथे एक खड्डा आहे. गिटच्या लेखी फाईलचं नाव म्हणजे नुसते बाइट. ते यूटीएफ-८ असेलच असं नाही. जेसन मात्र २०१७ च्या आरएफसी ८२५९ प्रमाणे दोन यंत्रणांमध्ये देवघेव करताना यूटीएफ-८ असलंच पाहिजे. पायथनचं सरोगेट-एस्केप (न वाचता येणारे बाइट खास संकेतांत लपवायची सोय) वापरून वेळ मारून नेलीत तर जेसनमध्ये ते अर्धवट संकेत, म्हणजे सरोगेट, उतरतात आणि पलीकडचा वाचणारा गोंधळतो. मी जेसनमध्ये नावासाठी दोन खण ठेवतो. एकात दाखवायचं नाव. दुसरा फक्त गरज पडली तरच, त्यात मूळ बाइट बेस-६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहायची रीत) करून. मजकुराचंही तेच. कुणी जुन्या फाँटच्या काळातली, युनिकोडच्या आधीची फाईल रेपोत टाकली असेल तर ती यूटीएफ-८ समजून ओतू नका.

फायलींची यादी लॉगमधूनच काढायचा हट्ट धरू नका. कमिटची माहिती एका फेरीत घ्या, मग प्रत्येक कमिटला डिफ-ट्री (बदललेल्या फायली सांगणारी कमांड) चालवा. त्याला 'रूट' हा पर्याय द्या, नाहीतर रेपोतलं पहिलं कमिट रिकामं दिसतं. नाव बदललेल्या फायलींबद्दल एक ध्यानात ठेवा. गिट 'नाव बदललं' असं कुठेच लिहून ठेवत नाही, दोन फायली किती सारख्या आहेत ते पाहून अंदाज करतं. मुळात ५० टक्के साम्यावर. म्हणून जेसनमध्ये जुनं नाव, नवं नाव आणि सोबत साम्याचा आकडाही द्या. वाचणाऱ्याला कळू दे की हा अंदाज आहे.

माजघर:
बाप रे. एवढं असेल असं वाटलं नव्हतं. शून्य बाइटवालं आजच करतो. तारखांचं काय?

दगडफूल:
गिटमध्ये प्रत्येक कमिटला दोन तारखा असतात. एक लिहिणाऱ्याची, एक कमिट करणाऱ्याची. न्यू जर्सीवाला पुश करायच्या आधी रीबेस करत असणार, म्हणजे आपली कमिट्स इतरांच्या नव्या बदलांवर पुन्हा रचत असणार. तेव्हा पहिली तारीख तशीच राहते, दुसरी बदलते. लॉगचा क्रम दुसरीवर लागतो आणि तुम्ही पानावर पहिली दाखवताय. म्हणून बदल मधेच घुसल्यासारखे दिसतात. दोन्ही द्या, वेगवेगळ्या नावांनी.

'कालचं' मात्र तुमच्या स्क्रिप्टमुळे. ती बहुतेक वेळ घेते आणि विभाग (टाइमझोन) टाकून देते. सेकंदांचा आकडा आणि विभाग दोन्ही ठेवा, किंवा आयएसओची काटेकोर तारीख घ्या, त्यात शेवटी +०५:३० असा विभाग असतोच. पानावर दाखवताना भारतीय वेळ करा, पण डेटात नका करू.

अवांतर: कधी मर्क्युरियलकडे गेलात तर सांभाळा. त्याच्या जेसनमध्ये तारीख म्हणजे दोन आकड्यांची जोडी, आणि विभाग पश्चिमेकडे मोजतात. भारतीय वेळ -१९८०० अशी येते. उणे. मी एकदा अधिक समजून सगळ्यांचे बदल अकरा तास सरकवले होते.

झेंडू:
'दुसऱ्या'बद्दल मी सांगते, त्यात मी पोळलेली आहे.

हा 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक अख्खा, यू+०९३१. दुसरा म्हणजे साधा 'र' आणि खाली नुक्ता. दिसायला एकच, बाइट वेगळे. मॅकच्या जुन्या फाइलप्रणालीत नावं अशी फोडून साठवली जात. गिटने त्यावर प्रीकंपोज-युनिकोड ही सेटिंग २०१२ मध्ये आणली, पण ती नसताना झालेलं कमिट इतिहासात तसंच राहतं. तुमच्यात कुणाकडे जुना मॅक आहे का?

आणि तिसरा प्रकार: र, हलन्त, शून्य-रुंदीचा जोडक, मग य. काही कीबोर्ड तसंच टाइप करतात. एनएफसी (युनिकोडचं ठरलेलं एकसारखं रूप) केलंत की पहिले दोन एक होतात. हा तिसरा होत नाही, तो हातानेच पकडावा लागतो. 'वाऱ्यावर', 'कोपऱ्यात', 'तिसऱ्या', जिथे म्हणून असा अर्धा 'ऱ' आहे तिथे हे भूत आहे. तुमच्या शब्दयादीतही निघणार, एकच शब्द तीनदा मोजला जाईल.

माजघर:
हो! न्यू जर्सीवाल्याकडेच जुना मॅक आहे. मग जेसनमध्ये नाव दुरुस्त करूनच द्यायचं का?

झेंडू:
अजिबात नाही. दुरुस्त नावाने गिटकडे फाईल मागितलीत तर गिट म्हणेल अशी फाईलच नाही. दुव्यासाठी मूळ नाव जसंच्या तसं, आणि तुलना करायला वेगळ्या खणात एनएफसी केलेलं. दोन फायली खरोखरच वेगळ्या असल्या तर आधी दोन्हीतला मजकूर ताडून बघा, मग एक काढून टाका. काकूंची दुरुस्ती एकीत आणि भाच्याची दुसरीत असं झालेलं असू शकतं.

(न्यू जर्सीवाला काकूंचा भाचा असेल, हे मी आपलं गृहीत धरलं.)

माजघर:
भाचाच आहे. :-) आणि हो, अगदी तसंच झालंय. पान ४१ चा अनुस्वार एकीतच आहे.

कंदील:
उशिरा आलो, तरी दोन आणे.

ॲटम द्या, पण त्यात डिफ (जुन्या-नव्या मजकुरातला फरक) भरू नका. ओसीआरमधून (स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅममधून) काढलेल्या मजकुरात प्रत्येक पानाच्या शेवटी फॉर्म-फीड हे नियंत्रण-अक्षर असतं, टेसरॅक्ट आणि पीडीएफ-टू-टेक्स्ट दोन्ही ते टाकतात. एक्सएमएल १.० मध्ये ते अक्षर चालत नाही, अगदी आकड्याने लिहिलं तरी नाही. एका अक्षराने अख्खं फीड अवैध होतं. जेसनला त्याचं काही वाटत नाही. म्हणून माझ्या मते माहिती जेसनमध्ये, आणि ॲटममध्ये फक्त मथळा, नाव, तारीख, दुवा.

ॲटममध्ये प्रत्येक नोंदीला कायमची ओळख द्यावी लागते. ती हॅशवरून करा, ब्रँचच्या (रेपोतल्या बदलांच्या शाखेच्या) पत्त्यावरून नको. तरी कुणी रीबेस करून फोर्स-पुश केलं (सर्व्हरवरचा जुना इतिहास बदलून टाकला) तर हॅश बदलणार आणि सगळ्यांच्या फीडवाचकात जुन्या नोंदी नव्या म्हणून उगवणार. सर्व्हरवर फोर्स-पुश बंद करा, कटकट मिटेल.

पानं पाडताना 'पान २, पान ३' करू नका. वाचणारा पान २ वर जाईपर्यंत कुणी पुश केलं की एक नोंद दोनदा दिसते. 'या हॅशपासून मागची ५०' असं मागू द्या. हॅशच्या पत्त्यावरचा मजकूर कधी बदलत नाही, तो कॅशमध्ये वर्षभर राहिला तरी चालेल. ब्रँचच्या पत्त्यावरचा मात्र मिनिटभरच, आणि ईटॅग (मजकूर बदलला का ते ओळखायची खूण) लावा.

आणि सुरक्षेचं. पत्त्यातून आलेलं ब्रँचचं नाव तसंच गिटला देऊ नका. ते हायफनने सुरू झालं तर गिट त्याला पर्याय समजतं. गिट २.२४ पासून एंड-ऑफ-ऑप्शन्स (पर्याय इथे संपले, हे सांगणारा पर्याय) आहे, ते मधे घाला.

पावशेर:
ईमेलचं कुणी बोललंच नाही. प्रत्येक कमिटमध्ये लिहिणाऱ्याचा ईमेल असतो. उघड्या जेसनमध्ये तो गेला की काकूंना कर्जाच्या ऑफर सुरू. फक्त नाव द्या, आणि तेही मेलमॅपमधून (एकाच माणसाची वेगवेगळी नावं जुळवणारी फाईल), म्हणजे तीन मशीनवरच्या तीन स्पेलिंगांचं एक होईल.

माजघर:
मंडळी, चालू झालं. दोन रविवार गेले.

जेसन आता पायथनच बनवतं. दर कमिटला हॅश, पालकांची (लगेच आधीच्या कमिटांची) यादी, मेलमॅपमधलं नाव, दोन तारखा विभागासकट, संदेश, आणि फायलींची यादी: मूळ नाव, एनएफसी नाव, नाव बदललं असेल तर जुनं नाव आणि साम्य. किल्ल्या (खणांची नावं) मराठीत ठेवल्यात, जेसनला त्याचं वावडं नाही आणि शब्दयादीवाल्यालाही आवडल्या. ईमेल काढले. ॲटम वेगळं, डिफशिवाय. कंदील यांनी म्हटलं म्हणून शोधलं तर एकाच पुस्तकात २१२ फॉर्म-फीड निघाले, पानागणिक एक. 'दुसऱ्या'च्या दोन्ही फायली झेंडूताईंच्या सांगण्याप्रमाणे ताडून एक केल्या. तिसरा प्रकारही सापडला, माझ्याच फोनच्या कीबोर्डवरून आलेला.

एक राहिलं. काल काकूंनी मोबाइलवर पान उघडलं आणि फोन केला: "पान छान झालंय. पण हा मर्ज कोण आहे? रोज हजेरी लावतो आणि एकाही फाईलला हात लावत नाही."

दगडफूल:
मर्ज म्हणजे दोघांचे बदल एकत्र जोडणारं कमिट. पानावर दोन पालक असलेली अशी कमिट्स लपवा. जेसनमध्ये राहू द्या, नाहीतर इतिहासाची साखळी तुटेल.

आणि काकूंना सांगा, सगळ्या ऑफिसांत एक असतो.