मदत हवी आहे: सुखोई अपग्रेड होतं म्हणजे आतलं नेमकं काय बदलतं?

नमस्कार मंडळी,

जरा लांबलंय पण पूर्ण वाचा प्लीज. माझी भाची नववीत आहे, तिला शाळेत लढाऊ विमानांवर पंधरा मिनिटं बोलायचंय आणि तिने सुखोई-३० एमकेआय घेतलंय, कारण तिचे आजोबा म्हणजे माझे वडील ओझरच्या एचएएलमध्ये (विमानं बनवणारी सरकारी कंपनी) होते. अण्णांनी आधी मिग-२१, मग मिग-२७ आणि शेवटची काही वर्षं सुखोई, तिन्हींचं वायरिंग केलंय, २००८ ला रिटायर झाले. अजूनही घरात दोन-चार वायरी एकत्र पडलेल्या दिसल्या की मेण लावलेल्या दोऱ्याने दर दोन बोटांवर गाठ मारून जुडी बांधतात, आणि गाठ अशी की एक तुटली तरी पुढची सुटत नाही.

तर भाचीने लिहून काढलं की सुखोई-३० एमकेआय २००२ मध्ये पुण्याला लोहगावला हवाई दलात दाखल झालं, २००४ पासून ओझरला बनायला लागलं आणि आता त्याचं सुपर सुखोई, म्हणजे अपग्रेड केलेलं रूप, करणार आहेत. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "करणार म्हणजे काय करणार गं? आम्ही ओढलेल्या वायरी ठेवणार का काढणार?" तिला सांगता येईना, मलाही नाही. मी बँकेत आहे, माझा या विषयाशी संबंध फक्त अण्णांमुळे.

ब्रह्मोसचा भाग आम्हाला कळलाय. २५ जून २०१६ ला नाशिकलाच ब्रह्मोस पोटाखाली लावून सुखोई पहिल्यांदा उडालं, मग २२ नोव्हेंबर २०१७ ला बंगालच्या उपसागरावर प्रत्यक्ष डागलं. अडीच टनांचं क्षेपणास्त्र, त्यामुळे विमानाचा सांगाडा मजबूत करावा लागला आणि एका विमानाला एकच लावता येतं. हे तिला अण्णांनी हातवारे करून समजावलं, क्रेट भरलेला पिकअप पोटाला बांधून उडायचंय असं समज म्हणाले, ते तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

अडलंय ते रडारपाशी. जिथे बघावं तिथे लिहिलेलं की जुनं रडार पेसा प्रकारचं आहे, नवीन एसा प्रकारचं येणार, राफेलमध्ये एसा आहे, तेजस मार्क १ए मध्ये पण एसा आहे. पण पेसाचं एसा झालं की वैमानिकाला काय जास्त मिळतं, आणि नुसतं रडार काढून दुसरं बसवलं असं का करता येत नाही, हे साध्या मराठीत कुठेच सापडलं नाही. व्हिडिओ दहा तरी बघितले, सगळे रेंजचे आकडे सांगतात आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा. कोणी या क्षेत्रातलं असेल तर नववीच्या मुलीला कळेल असं सांगाल का? शनिवारी तिचं भाषण आहे.

प्रतिसाद १

ताई, मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, विमानावर काम केलेलं नाही पण रडारचं तत्त्व सांगतो. तुमच्याकडच्या द्राक्षबागेचंच उदाहरण घ्या. पेसा म्हणजे विहिरीवर एक मोटर आणि सगळं ठिबक त्याच्यावर, मोटर बंद पडली की अख्खी बाग कोरडी. सुखोईच्या आत्ताच्या बार्स रडारमध्ये ताकद अशी एकाच ठिकाणाहून येते आणि अँटेनावरच्या शेकडो तुकड्यांत वाटली जाते, किरण कुठे वळवायचा ते हे तुकडे ठरवतात. एसामध्ये प्रत्येक तुकड्याला स्वतःची छोटी मोटर असते. दहा-वीस गेल्या तरी रडार चालू राहतं. शिवाय काही तुकडे आकाश बघतात, काही जमीन, आणि सिग्नलची फ्रीक्वेन्सी भराभर बदलता येते म्हणून शत्रूला ते जॅम करणं अवघड जातं. वैमानिकाचा खरा फायदा हा आहे, नुसत्या रेंजचा नाही.

आता दुसरा प्रश्न. एवढ्या छोट्या मोटरी म्हणजे उष्णता खूप, त्यामुळे कूलिंग नवीन लागतं, वीज जास्त लागते, येणारी माहिती पचवायला मिशन कॉम्प्युटर नवीन, ती दाखवायला कॉकपिटचे स्क्रीन नवीन. मिग-२१ अपग्रेड करून त्याचं बायसन केलं तेव्हाही विमान तेच होतं, पण नवं रडार, हेल्मेटवरून निशाणा आणि लांब पल्ल्याचं आर-७७ क्षेपणास्त्र आलं तेव्हा त्याच्याशी लढायची पद्धतच बदलली. अण्णांना सांगा, इंजिन एएल-३१एफपीच आहे, त्याच्याच २४० नगांचं २६,००० कोटींच्या वरचं कंत्राट सप्टेंबर २०२४ मध्ये झालं, ती कोरापुटला बनतायत.

धागाकर्ती

सर खूप खूप आभार, ठिबकचं उदाहरण तिने लगेच वहीत उतरवलं. अण्णांना वाचून दाखवलं, त्यांचं म्हणणं की मिगमध्ये प्रत्येक डायलला स्वतःची वायर होती, सुखोईत आल्यावर एकाच जोडीवरून चार-चार बॉक्स बोलायला लागले तेव्हा त्यांना सगळं नव्याने शिकावं लागलं होतं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला मिग-२१ चा निरोप टीव्हीवर बघताना एक शब्द बोलले नव्हते, आज मात्र तासभर बोलले. मी सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवलंय.

अजून एक, त्या एकाच जोडीवरून बोलणाऱ्या बॉक्सना डेटा बस म्हणतात ना? रडार बदललं तर ती बस तीच राहते का? अण्णांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर तिथेच असेल असं वाटतंय. कोणी सांगितलं तर शनिवारच्या आत हवंय, अण्णा स्वतः शाळेत येणारेत, वायरींची एक जुडी बांधून.