उत्तर: जास्त वॅटचेच स्पीकर घ्यावेत का?
वरच्या एका उत्तरात कॉम्प्युटरच्या स्पीकरबद्दल 'जास्त वॅटचे घ्या, म्हणजे पस्तावायला नको' असं म्हटलंय, ते काही पटलं नाही. खोक्यावर पीएमपीओचा (क्षणभराच्या कमाल ताकदीचा, फुगवलेला) आकडा असेल तर तो सरळ सोडून द्या, आरएमएस (म्हणजे सतत देता येणारी ताकद) किती ते बघा. आणि स्पीकरला वीज फक्त यूएसबीतूनच मिळणार असेल तर गणित आणखी सोपं: साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर, म्हणजे २.५ वॅट. आत एवढंच जातंय तर बाहेर सतत २० वॅट येणार कुठून? अर्थात टेबलाशी बसून हातभर अंतरावरून ऐकायला दोन वॅटही पुष्कळ होतात.

स्पीकर ठेवायचे कुठे, याबद्दल मात्र इथे कोणीच बोललं नाही. माझे स्पीकर वर्षभर मॉनिटरमागे भिंतीला टेकून होते. आवाज नुसता घुमायचा, संवाद कळायचे नाहीत. नवे घ्यायच्या बेतात होतो. एकदा धूळ पुसताना भिंतीपासून वीतभर पुढे ओढले आणि पुढच्या कडेखाली एकेक खोडरबर सरकवलं, तोंडं वर कानाकडे झाली. बोलणं लगेच मोकळं ऐकू यायला लागलं. भिंत जवळ असली की खालचे सूर फुगतात, बाकी काही नाही.