पॉकेट (हिरडी आणि दातामधली खाच) २ मिमी, पण मुळं उघडी. पेरिओडोंटायटिस (दाताचा आधार झिजवणारा हिरडीचा आजार) म्हणायचं का?

बीडीएस_तिसरं_वर्ष_पुणे:
काल ओपीडीत भोरकडच्या एक आजी आल्या होत्या. लग्नाआधीपासून मिशरी लावतात. खालच्या सुळ्याला आणि प्रीमोलरला गालाच्या बाजूने हिरडी ४ मिमी उतरलीये, पण विल्यम्स प्रोब (खाचेची खोली मोजायची खुणांची सळई) जेमतेम २ मिमी आत जातो. रक्त नाही. बॅचमेट म्हणते, पॉकेट नाही म्हणजे पेरिओडोंटायटिस नाही. मला पटत नाहीये.

पेरिओ_हडपसर:
पॉकेट मोजतो हिरडीच्या कडेपासून, आणि कड जागेवर राहत नाही. सुजली की क्राउनकडे, म्हणजे दाताच्या दिसणाऱ्या भागाकडे, चढते, घासून घासून मुळाकडे उतरते. जागेवर असतं ते सिमेंटो-इनॅमल जंक्शन, क्राउन आणि मुळाची शीव. अटॅचमेंट लॉस, म्हणजे दाताला चिकटलेला आधार किती सुटला, तो तिथूनच मोजायचा. आजींचा ४ अधिक २, म्हणजे ६ मिमी.
उलट, बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपीन घेणाऱ्या एखाद्याची हिरडी फुगून शिवेच्या ४ मिमी वर आलेली असते. प्रोब ४ मिमी जातो आणि लॉस शून्य! नुसत्या पॉकेटच्या आकड्यावर कधीही निदान लिहू नकोस.

इंटर्न_कोथरूड:
सर, ६ मिमी म्हणजे थेट स्टेज ३ (गंभीर पेरिओडोंटायटिस) ना?

पेरिओ_हडपसर:
नाही. स्टेज ठरते दोन दातांच्या मधल्या लॉसवरून. हिरडीच्या आजारांच्या २०१७ च्या वर्गीकरणात पेरिओडोंटायटिससाठी शेजारी नसलेल्या किमान दोन दातांना मधे लॉस लागतो. फक्त गालाकडून असेल, तर लॉस किमान ३ मिमी आणि पॉकेट ३ मिमीपेक्षा खोल, तेही दोन दातांना. घासून उतरलेल्या हिरडीचा लॉस त्यात धरतच नाहीत. त्यामुळे बॅचमेटचं उत्तर कदाचित बरोबर निघेल, तिचं कारण मात्र अर्धवट आहे. मधल्या फटी प्रोब केल्यास का? एक्स-रेत हाड कुठवर आहे?

बीडीएस_तिसरं_वर्ष_पुणे:
मधे नाही केलं सर, गालाकडूनच केलं. सोमवारी परत बोलावलंय.

पेरिओ_हडपसर:
मग प्रत्येक दाताला सहा जागी मोज. आणि त्याआधी आजींचा ओठ-गाल बाजूला करून, मिशरीचं बोट फिरतं तिथली आतली त्वचा नीट बघ. गॉजने पुसून न जाणारा पांढरा चट्टा दिसला, तर चार्टिंग राहू दे, त्याच दिवशी ओरल मेडिसिनला पाठव. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखू, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. दटावू नकोस. शेजारी बसून सांग, सून सोबत असेल तर तिलाही.