तीन सर्व्हर आहेत आणि सेफ (Ceph) नाही लावलं, तर पाप लागतं का?

बेअरमेटल_बापू
काल इथे एका महाशयांनी पोस्ट टाकली, "तीन नोड असून झेडएफएस रेप्लिकेशनवर चालवत असाल तर त्याला क्लस्टर म्हणू नका, सेफ लावा नाहीतर घरी बसा." तिथेच उत्तर देणार होतो पण खाली अंगठ्यांचा ढीग बघून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा. नवख्यांसाठी: नोड म्हणजे क्लस्टरमधला एक सर्व्हर. सेफ म्हणजे सगळ्या नोडच्या डिस्क एकत्र करून प्रत्येक राइटच्या कॉप्या लगेच वेगवेगळ्या नोडवर ठेवणारं स्टोरेज. झेडएफएस रेप्लिकेशन म्हणजे डेटा एका नोडवर आणि ठराविक वेळाने त्याची कॉपी दुसऱ्यावर.

भोसरीतलं एखादं मधल्या साइजचं वर्कशॉप घ्या. प्रॉक्समॉक्सचे (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) तीन नोड, वीसेक व्हीएम, त्यात जड म्हणावं असं एकच, ईआरपीचं, म्हणजे इन्व्हॉइस-हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं, एसक्यूएल डेटाबेसवालं. बाकी टॅली, फाइल सर्व्हर, हजेरी, असलंच. सांभाळायला एक माणूस आणि प्रिंटरचा टोनरही तोच बदलतो. त्याच्या गळ्यात सेफ बांधायचं म्हणजे प्रत्येक ओएसडीमागे (म्हणजे सेफच्या प्रत्येक डिस्कमागे) ४ जीबी रॅम धरा, वर सेफचेच मॉनिटर, मॅनेजर, नेटवर्क १० गिगच्या खाली नको, आणि तेही कोरोसिंकपासून (नोड एकमेकांची हजेरी घेतात ती यंत्रणा) वेगळं. एवढं करून साइझ ३ (प्रत्येक डेटाच्या तीन कॉप्या) ठेवलं की एक नोड गेल्यावर तिसरी कॉपी ठेवायला जागाच नाही. तो नोड परत येईपर्यंत डिग्रेडेड, म्हणजे एक कॉपी कमी, असं बोंबलत बसायचं. सेफ स्वतःच स्वतःला सावरतं म्हणून जे कौतुक आहे ना, नोड गेल्यावर ते बघायचं असेल तर चौथा नोड लागतो राव.

उलट झेडएफएसमध्ये डेटा लोकल डिस्कवर, दर १५ मिनिटांनी फरक तेवढा दुसऱ्या नोडवर जातो, घाई असेल तर १ मिनिटावर आणा. नोड मेला तर व्हीएम दुसरीकडे उठतो, शेवटच्या सिंकनंतरचं तेवढं जातं. मालकाला विचारा पंधरा मिनिटांच्या एंट्र्या परत मारल्या तर चालेल का. तो म्हणेल, गुरुवारी लाइट जाते तेव्हा काय वेगळं करतो आपण?

क्वोरम_काका
ती पोस्ट माझीच, नाव घेऊन लिहिलंत तरी चाललं असतं.

"तेवढं जातं" हे फार सहज लिहून गेलात. जातं म्हणजे काय ते ऐका. आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात तुमच्याच पद्धतीचा सेटअप, दुपारी नोड बसला, व्हीएम दुसरीकडे उठला, सगळे खूश. पण मधल्या वेळात निघालेल्या इन्व्हॉइसचे आयआरएन (ई-इन्व्हॉइसचे नोंदणी नंबर) जीएसटी पोर्टलवर तयार झालेले, ई-वे बिल घेऊन गाडी गेटबाहेर, आणि डेटाबेसला त्यातलं काहीच माहीत नाही. ईआरपीने तेच इन्व्हॉइस नंबर पुढच्या गिऱ्हाइकाला दिले, पोर्टल म्हणतं डुप्लिकेट. अकाउंटवाल्या बाईंनी रात्री गेटच्या रजिस्टरवरून गाड्या जुळवल्या. एंट्री परत मारणं म्हणे!

आणि तीन नोडवर सेफ डिग्रेडेड चालतं म्हणजे चालतंच ना? मिन-साइझ २ आहे (दोन कॉप्या असल्या की काम चालू राहतं), दोन कॉप्या जिवंत आहेत, एकही बाइट गेलेला नाही. स्विचचा खर्च नको असेल तर तिन्ही नोड एकमेकांना थेट केबलने जोडा, प्रत्येकात दोन पोर्टचं कार्ड, झालं.

दोन_नोडवाला
तुमच्या दोघांच्या भांडणात आमच्यासारखे गरीब कुठे? दोनच सर्व्हर आहेत. डीआरबीडी, म्हणजे दोन सर्व्हरच्या डिस्क नेटवर्कवरून जुळ्या ठेवणारं, त्यात प्रोटोकॉल सी, म्हणजे दोन्हीकडे लिहून झाल्याशिवाय राइट पुरा झाला असं म्हणतच नाही. टायब्रेकरला (दोघांचा संपर्क तुटला तर कुणाचं चालू ठेवायचं याचा कौल द्यायला) एक डबडं डेस्कटॉप, त्यात डेटा ठेवायचीही गरज नाही. २०१० पासून लिनक्स कर्नलमध्ये आहे, पण बोलायला ग्लॅमर नाही ना, म्हणून कुणी नाव घेत नाही.

रात्रपाळी
नाव घेत नाहीत कारण स्प्लिट-ब्रेन बघितलेला माणूस परत त्या वाटेला जात नाही. टायब्रेकर नसलेल्या काळातला सेटअप होता, मधली केबल ढिली झाली, दोन्ही बाजू प्रायमरी, दोन्हीकडे वेगवेगळा डेटा. पहाटे तीनला स्क्रीनवर "स्टँडअलोन" आणि हातात कमांड कुठली, तर डिस्कार्ड माय डेटा. कुणाचा डिस्कार्ड करू? मालकाला फोन लावला तर तो म्हणतो दोन्ही ठेव.

दोन_नोडवाला
टायब्रेकर नव्हता म्हणून झालं हे स्वतःच लिहिता आणि शिव्या डीआरबीडीला.

सॅनवाले_आजोबा
दोन कंट्रोलरचा एक बरा स्टोरेज बॉक्स घ्या, आयएससीएसआय (नेटवर्कवरून डिस्क वापरायची पद्धत) लावा, झोपा. आमच्या वेळी हे उद्योग नव्हते.

रात्रपाळी
आजोबा, त्या बॉक्सच्या एएमसीचं कोटेशन बघितलंत का हल्ली? आणि दोन कंट्रोलरचा असला तरी बॉक्स एकच. फर्मवेअर अपडेटच्या रात्री दोन्ही कंट्रोलर एका सुरात गेलेले मी बघितलेत.

नवीन_भरती
ग्लस्टर कसं आहे, तेही अनेक सर्व्हरवरचं स्टोरेजच ना? जुन्या ट्युटोरियलमध्ये सोपं वाटलं.

क्वोरम_काका
रेड हॅटने त्यांच्या ग्लस्टर स्टोरेजचा सपोर्ट २०२४ संपताना थांबवला, प्रॉक्समॉक्स ९ मध्ये त्याचा आधारच काढलाय. ते ट्युटोरियल बंद करा.

बापूंकडे परत येतो. सेफ रडतखडत चालतं असं म्हणणाऱ्यांचे सर्व्हर उघडून बघा, आत दुकानातून आणलेल्या घरगुती एसएसडी सापडतात. खोक्यावरचा आकडा कॅशचा असतो. सेफ प्रत्येक राइटला विचारतं, खरंच उतरलं ना? ज्या ड्राइव्हमध्ये पॉवर-लॉसचे कपॅसिटर नाहीत तिला दरवेळी फ्लॅशपर्यंत जाऊनच "हो" म्हणावं लागतं, मग काहीशे आयऑप्सवर (सेकंदाला तेवढेच राइट) लोळण. कपॅसिटरवाली आपल्या रॅममधूनच "हो" म्हणते, कारण लाइट गेली तरी तेवढं लिहून काढायची धुगधुगी तिच्यात असते. आणि झेडएफएस काय घरगुती ड्राइव्हवर उडतं का? सिंक राइटला त्याचंही तेच दुखणं.

परचेसने_पिडलेला
आता बरोबर नस पकडलीत. मी तीन कोटेशनं जोडली, खाली लिहिलं की कपॅसिटरवालीच हवी. परचेसने काय केलं, कपॅसिटी जुळते म्हणून लॅपटॉपवाल्या आणल्या आणि वर मेल की आयटीने बजेट वाचवायला शिकावं. सहा महिन्यांत वेअर (ड्राइव्हची झीज) बघितलं तर पोटात गोळा. परत मागायला गेलो तर म्हणाले यूपीएस आहे ना, मग कपॅसिटर कशाला?

रात्रपाळी
यूपीएस म्हणे! सर्व्हरचा पीएसयूच (आतला पॉवर सप्लाय) उडाला तर यूपीएस काय ओवाळायला येणार? आणि त्या यूपीएसच्या बॅटऱ्या शेवटच्या कधी बदलल्या विचारा. आमच्याकडे पॅनलवर वीस मिनिटं बॅकअप दिसायचा, लोड पडला की दोन.

परचेसने_पिडलेला
बॅटरीची फाइल वेगळ्याच खात्यात, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स. ते म्हणतात सर्व्हर तुमचा, बॅटरीपण तुमची.

सॅनवाले_आजोबा
अर्थिंग तपासलंय का कुणी?

रात्रपाळी
आजोबांनी पहिल्यांदा कामाचं विचारलं. आमच्याकडे न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज बघून इलेक्ट्रिशियनच दोन पावलं मागे सरकला होता.

बेअरमेटल_बापू
धागा स्टोरेजचा आहे, वायरमनचा नाही.

काका, आयआरएनचा मुद्दा मान्य, एवढा मोठा डोस द्यायची गरज नव्हती. पण तो एका व्हीएमचा मुद्दा आहे. त्या एकासाठी एसक्यूएलचे लॉग दुसऱ्या नोडवरच्या सर्व्हरला पाठवत राहा, रेप्लिकेशन १ मिनिटावर आणा, उरलेल्यांना १५ मिनिटं पुष्कळ. एका डेटाबेससाठी अख्ख्या कारखान्याने सेफ का पाळायचं?

आता तुमच्या सेफचं एक विचारतो. तीन नोड, प्रत्येकात दोन ओएसडी, साधारण ६०% भरलेले. नोड नाही, एक डिस्क गेली. प्रत्येक होस्टवर एक कॉपी हा नियम, म्हणजे त्या डिस्कचा सगळा माल त्याच नोडमधल्या उरलेल्या डिस्कवर. ६० अधिक ६०. ९५% ला राइट बंद. कुठे ठेवायचं सांगा?

क्वोरम_काका
तिथपर्यंत जायच्या आधी ९०% ला बॅकफिल (गेलेल्या कॉप्या परत भरणं) थांबतं, सगळं एकदम बंद पडत नाही. पण हो, प्रत्येक नोडमध्ये दोनच डिस्क ठेवणाऱ्याने ४५% च्या वर भरू नये. चार लावा.

बेअरमेटल_बापू
म्हणजे निम्म्याहून जास्त जागा रिकामी, किंवा बारा कपॅसिटरवाल्या ड्राइव्ह. "घरी बसा"वाल्या पोस्टमध्ये हे लिहायचं राहिलं वाटतं.

क्वोरम_काका
लॉग पाठवायचं तुमच्याही पोस्टमध्ये नव्हतं. डिस्क परवडत नसतील आणि डेटाबेसची वेगळी सोय केली असेल तर चालवा झेडएफएस, मी काय पोलीस आहे का.

परचेसने_पिडलेला
बारा?? काका, ते कोटेशन तुम्हीच आमच्या परचेसला मेल करा.

नवीन_भरती
माझ्याकडे दोन सर्व्हर आहेत आणि एक गिगचा स्विच. मग मी डीआरबीडी लावू का?

दोन_नोडवाला
लाव. टायब्रेकर आधी.

रात्रपाळी
लावू नकोस. झेडएफएस आणि क्यूडिव्हाइस (फक्त मत द्यायला तिसरं मशीन).

क्वोरम_काका
आधी बॅकअप कुठे जातो ते सांग.

नवीन_भरती
त्याच दोनपैकी एका सर्व्हरवर.