पातलीपाडा: पहिलीसाठी घराजवळची साधी शाळा की बसची मोठी शाळा? सल्ला हवा

लेकीची_आई
नमस्कार मंडळी. लेक या जूनमध्ये, म्हणजे २०२६ला, पहिलीत जाईल. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, पातलीपाड्याला राहतो. दोघंही नोकरी करतो, माझं ऑफिस भायखळ्याला. दोन शाळा बघून ठेवल्यात.

एक घरापासून चालत दहा मिनिटांवर. इंग्रजी माध्यम, राज्य मंडळ, इमारत जुनी, मैदान म्हणजे पेव्हर ब्लॉकचं अंगण. फी वर्षाला ३८ हजार. दुसरी माजिवड्याच्या पुढे. सीबीएसई, मोठं मैदान, पोहण्याचा तलाव. फी ९० हजार, बसचे वेगळे.

बजेट सगळं धरून ५० हजार. नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा भलतीकडे जाईल. लेकीचा जन्म नोव्हेंबर २०२०चा, वयात बसेल ना?

ठाणेकर_जुना
सरळ सिंघानिया शाळा बघा. पोखरण रोड तुम्हाला लांब नाही. आमच्या घरातली दोन्ही मुलं तिथलीच, एक आता कॅनडात आहे. शिक्षणात बजेट बघू नये या मताचा मी आहे.

वडापाव_पन्नास_रुपये
बजेट दुसऱ्याचं असलं की बघू नये हे खरंय. 😀

रियानचा_बाबा
सीबीएसईच घ्या, डोळे झाकून. पुढे नीट, जेईई सगळं त्यावरच असतं. आमचा रियान तिसरीत आहे, आत्तापासून ऑलिम्पियाड देतो. फी आमची सव्वा लाख आहे, पण मैदान, रोबोटिक्स, घोडेस्वारी सगळं त्यात.

मीठमसाला
घोडेस्वारी? घोडबंदर रोडवर तोच एक उपाय उरलाय म्हणा. गाडीपेक्षा लवकर पोचेल रियान.

कासारवडवली_एक्स्प्रेस
बसबद्दल सांगते, कारण चटके आम्ही खाल्लेत. आमची मुलगी तिकडच्याच एका शाळेत होती. अंतर म्हणाल तर काही नाही, पण मेट्रो ४ची कामं, सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात घेण्याची खोदाखोदी, आणि गायमुख घाटाची दुरुस्ती निघाली की अवजड गाड्यांची रांग. पोरगी पहाटे उठायची, बसमध्ये पेंगायची, दुपारी घरी आली की दप्तर टाकून तिथेच झोपायची. एकदा पावसात बस कापूरबावडीला अडकली, बसमधल्या ताईंचा फोन बंद, आणि आम्ही सगळे पालक सोसायटीच्या गेटवर. शाळेने दुसऱ्या दिवशी ॲपवर ‘गैरसोयीबद्दल दिलगीर’ एवढंच टाकलं. तलाव बघून भाळू नका. आमच्या शाळेतल्या तलावात पहिलीच्या मुलांना उतरवतच नव्हते.

रियानचा_बाबा
आमच्या बसला जीपीएस आहे.

कासारवडवली_एक्स्प्रेस
जीपीएसवर बस अडकलेली दिसते हो, सुटत नाही.

खडू_फळा
निवृत्त मुख्याध्यापक आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

वयाचं आधी. राज्यात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा पूर्ण हवीत. नोव्हेंबरची मुलगी बसते, काळजी नको.

शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, मागा. तो सांगायला शाळा आढेवेढे घेत असेल तर उठून यायचं. महापालिका दरवर्षी अनधिकृत शाळांची यादी काढते, तीही बघा. ठाण्याच्या यादीत दिव्याकडच्या शाळांचा भरणा असतो, पण म्हणून आपल्या भागात गाफील राहू नये. दुसऱ्या शाळेबाबत सीबीएसईचा संलग्नता क्रमांक मंडळाच्या संकेतस्थळावर तपासा. फलकावर ‘सीबीएसई पॅटर्न’ लिहिलं म्हणजे संलग्नता मिळाली असं होत नाही. ‘इंटरनॅशनल’ तर नुसतं नावात असतं, ते मंडळच नव्हे.

शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक सांगितलाय. तुकडीचा पट विचारा. मुलीची चाचणी किंवा तुमची मुलाखत घेऊन प्रवेश ठरवायला आणि देणगी मागायला त्याच कायद्याच्या कलम १३ने बंदी आहे. ‘आम्ही फक्त गप्पा मारतो’ म्हणणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत.

ऑगस्ट २०२४मधल्या बदलापूरच्या प्रकरणानंतर शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे झाले. ते चालू आहेत की नुसते टांगलेत ते बघा. सखी सावित्री समितीत, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या शाळेतल्या समितीत, कोण आहे, विचारा. उत्तर देताना समोरचा चाचपडला तर काय ते समजून घ्या.

आणि फेब्रुवारी २०२४च्या शासन निर्णयानुसार चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. एवढ्याशा लेकरांची झोप मोडणाऱ्या शाळेत मी माझी नात घातली नसती.

ठाणेकर_जुना
खडू_फळा सरांशी सहमत. यूडायस क्रमांक जरूर बघा. आणि वय ३१ डिसेंबरला धरतात.

मराठी_बाणा_४००६०२
इंग्रजी माध्यमाचा हट्ट कशाला पण? नौपाड्यात इतक्या नावाजलेल्या मराठी शाळा आहेत, सेमी इंग्रजीची सोय आहे, फी किरकोळ. आम्ही सगळे तिथेच शिकलो, कोणाचं काही अडलं नाही. मराठी माणसानेच मराठी शाळा ओस पाडल्या.

मीठमसाला
बाणेदार, तुमची मुलं कुठे शिकतात?

मराठी_बाणा_४००६०२
तो प्रश्न इथे गैरलागू आहे. मिसेसचा आग्रह होता.

वडापाव_पन्नास_रुपये
🙏

रियानचा_बाबा
मराठी तर सीबीएसईलाही आहेच की. २०२०चा कायदा आहे, सगळ्या मंडळांना सक्ती.

मराठी_बाणा_४००६०२
कायदा आहे आणि शिकवणाऱ्या बाई ‘ळ’ला ‘ल’ म्हणतात. शिवाय पहिलीपासून हिंदी लादायला निघाले होतेच. एप्रिल २०२५चा जीआर विसरलात?

ठाणेकर_जुना
तो जून २०२५मध्ये मागे घेतला. हिंदी आल्याने काय बिघडतं पण? आम्ही...

संपादक_मंडळ
हिंदीच्या चर्चेला वेगळा धागा आहे, आणि तो आधीच कुलूपबंद आहे. इथे शाळेवर बोला. पुढचे आठ प्रतिसाद उडवले आहेत.

चाळीतला_चंद्र
ताई, आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून का नाही भरत फॉर्म? फुकटात मोठी शाळा. शेजाऱ्यांचं काम झालं.

खडू_फळा
आर्थिक दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत हवं. दोघं नोकरी करतात, बसणार नाहीत. भलता दाखला काढून देणारे एजंट भेटतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

चाळीतला_चंद्र
पण ते आरटीई सरकारने बंद केलं ना मध्ये?

खडू_फळा
सरकारी शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना त्यातून सूट दिली होती, फेब्रुवारी २०२४मध्ये. जुलैत उच्च न्यायालयाने ती रद्द केली. म्हणजे योजना आहे, ताईंना लागू नाही एवढंच.

दोन_मुलांची_आऊ
इतकं सगळं झालं, पण पहिलीला शिकवणार कोण हे कोणीच विचारलं नाही. माझ्या थोरल्याला एका झकपक शाळेत एका वर्षात तीन बाई झाल्या. पगार इतके तुटपुंजे की दिवाळीनंतर कोणी टिकत नाही. धाकटीला साध्या शाळेत घातलं, तिथल्या बाई अठरा वर्षं पहिलीच शिकवतात. पोरगी चार महिन्यांत दुकानांच्या पाट्या वाचायला लागली. तेव्हा गेल्या वर्षी पहिलीला कोण होतं आणि ते यंदा आहे का, एवढं विचारा. ऑफिसात विचारू नका, शाळा सुटताना गेटवर उभ्या राहणाऱ्या आयांना विचारा. स्नेहसंमेलनाच्या कपड्यांना, सहलीला, ‘ॲक्टिव्हिटी’ला किती उकळतात तेही त्याच सांगतील. फीच्या कागदावर ते नसतं.

आणि दुपारी मूल कुठे? तुम्ही भायखळ्याहून कधी परत येणार?

कासारवडवली_एक्स्प्रेस
आऊंना +१. शाळा निवडताना आम्ही दुपार धरलीच नव्हती.

रियानचा_बाबा
आमच्याकडे डे केअर शाळेतच आहे. साडेसहापर्यंत. वर्षाला फक्त ६० हजार जास्त.

मीठमसाला
फक्त.

लेकीची_आई
सगळ्यांचे आभार. दोन्हीकडे जाऊन आले. माजिवड्याची शाळा खरंच छान आहे, संलग्नता तपासली, बरोबर आहे. पण तिथल्या समुपदेशक बाईंनी लेकीला बाजूला नेऊन रंग, आकार आणि ‘तुझं इंग्लिश स्टोरीबुक कोणतं’ असं विचारलं. गप्पाच म्हणे.

जवळच्या शाळेचा यूडायस आहे. सीसीटीव्ही चालू आहेत, स्वच्छतागृह बरं. पण पट ४२चा, आणि वर्गशिक्षिका नव्या आहेत, आऊंसारखं नशीब नाही. शाळा भरते सात वीसला. नऊच्या नियमातून सवलत घेतल्याचं सांगतात, कागद काही दाखवला नाही.

तरी तिथेच घालतोय. आमच्याच बिल्डिंगमध्ये पाळणाघर चालवणाऱ्या काकू फक्त त्या एका शाळेतून मुलं आणतात, गरम वरणभात घालतात आणि संध्याकाळी सातपर्यंत सांभाळतात. आणि सात वीसची शाळा म्हणूनच मी तिला सोडून ठाणे स्टेशन गाठू शकते. नऊची असती तर सकाळचे दोन तास तिला कोणाकडे ठेवायचं? उरलेल्या पैशांत काकूंची फी निघते.

खडू_फळा
ताई, निर्णय तुमचा, पण सात वीस हे नियमाबाहेर आहे. सवलतीचा लेखी कागद मागा. आणि ४२चा पट! तुकडी वाढवायला पालक म्हणून तुम्हीच पत्र द्या, चार जणींच्या सह्या घ्या. पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) कार्यकारी समितीसाठीही नाव द्या, फी त्या समितीपुढे जाते.

लेकीची_आई
पत्र देते सर, तुकडीचं. वेळेचं नाही देणार. नऊची केली तर माझीच पंचाईत.

मराठी_बाणा_४००६०२
शेवटी इंग्रजीच.

ठाणेकर_जुना
एकदा पोखरण रोडला चक्कर तरी मारायची होती.

वाघबीळ_वासी
धागा आत्ता वाचला. शाळेचं राहू दे, त्या पाळणाघरवाल्या काकू वाघबीळपर्यंत येतात का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज. आमच्याकडे जुळी आहेत.